गुणाची पोर

रिकामंच घरघरत ठेवलेलं वॉशिंग मशीन.
पॅसेजमधला, मधोमध झिजलेला गालिचा.
जुन्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत बसल्या बसल्या पेंगणारे बाबा.

लेकीच्या वाढदिवसाचा केक कापून झाला आणि आईची नेहमीची कॅसेट सुरू झाली. "ही तान्ही असताना घरात बाळ आहे असं वाटायचंच नाही! रात्री पाळण्यात ठेवली की थेट सकाळी हसत उठायची. गुणाची पोर!"

लेकीचं स्वतःचं दोन महिन्यांचं कार्टं रोज रात्री घर डोक्यावर घेत होतं. दरवर्षी गोड वाटणारं हे कौतुक यंदा तिला टोचलं. "माझंच काहीतरी चुकतंय गं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"बसेल हो हात हळूहळू," आईने समजूत काढली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. "मी जरा पडते," म्हणत आईने कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि ती सोफ्यावरच घोरू लागली.

बाबांनी बाळाला खांद्यावर टाकलं, कोपराने वॉशिंग मशीनचं बटण दाबलं आणि गालिच्यावर येरझारा सुरू केल्या. बाळ चिडीचूप.

लेक बघतच राहिली. "बाबा, म्हणजे मी..."

"शू! हळू बोल. तिला अजून माहीत नाही."



आईला ते कानातलं यंत्र लागलं, तेव्हा तिचं स्वतःचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.