चेहरा नको

"शेठ, माय उनम्हा बठेल शे. आयकतच नही," उद्यानाचा राखणदार वना फोनवर एवढंच म्हणाला. जवरीलालनी कापड मोजता मोजता हातातला मीटर तसाच ठाणावर टाकला आणि स्कूटर काढली. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

पिंप्राळ्याचं ते उद्यान दुपारचं ओस पडलेलं होतं. फाटकाशी वना डोक्याला उपरणं गुंडाळून उभा होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्यांची बायको, चंदनबाई बसल्या होत्या. चपला खाली नीट जोडीनं काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

त्यांच्या मागे ब्राँझचा माणूस उभा होता, दीड पुरुष उंच. पाय चालत निघाल्यासारखे, हात धडातच विरघळून गेलेले, छातीच्या जागी आरपार भोक. मानेवर डोकं म्हणून एक गुळगुळीत गोळा, तापीच्या पात्रातल्या गोट्यासारखा. नाक नाही, डोळे नाहीत. खाली पाटी होती, जवरीलालनी मुलाच्या, रोनकच्या स्मरणार्थ पुतळा दिल्याची. गेल्या रविवारी उद्घाटन झालं तेव्हा पाहुण्यांनी "एकदम मॉडर्न" म्हणत टाळ्या वाजवल्या होत्या. चंदनबाई आल्या नव्हत्या. अंग दुखतंय म्हणून घरीच पडून राहिल्या होत्या.

"घरी चल. ऊन लागेल," जवरीलाल म्हणाले.

"हा आपला रोनक?"

त्यांनी चपला तिच्या पायांशी सरकवल्या.

"धुळ्याचा तो मूर्तिकार फोटो मागत होता म्हणे. रूपल सांगत होती. तुम्ही दिला नाहीत."

"नाही दिला."

लेकीनं खरं तेच सांगितलं होतं. चेहरा नको, एवढीच अट त्यांनी घातली होती. मूर्तिकार खूश झाला होता. कापडाच्या दुकानदाराला कलेतलं इतकं कळतं, याचं त्याला नवल वाटलं होतं.

"चेहरा असता तर या रस्त्यानं दुकानात जाणं झालं नसतं माझ्याच्यानं."

"माझं झालं असतं," चंदनबाई म्हणाल्या. "मी रोज आले असते."

फाटकाबाहेर एक रिक्षा थांबली, कुणी उतरलं, रिक्षा गेली.

"त्या दिवशीही दाखवलं नाहीत मला."

त्या दिवशी हायवेवर ट्रकनं रोनकच्या मोटरसायकलला उडवलं होतं. दवाखान्यात आत एकटे जवरीलालच गेले होते. घरी आणलं ते पांढऱ्या कापडात पक्कं बांधून. चंदनबाई गाठ सोडायला धावल्या, तेव्हा दारातच जवरीलालनी त्यांना धरलं. झोपल्यासारखा दिसतो, आता सोडायला नको, निघायला उशीर होईल, असं काहीबाही बोलले. बायकांनी त्यांना ओढून आत नेलं. त्यानंतर वर्ष उलटून गेलं, पण दोघांत हा विषय कधी निघाला नव्हता.

"मी भांडायला नाही बसले," चंदनबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावं तसा. "एकच सांगा. त्याचे डोळे मिटलेले होते की उघडे? उघडे असतील, तर कुणी मिटले का? अंथरुणाला पाठ टेकली की हेच येतं मनात. परक्या माणसानं मिटले असतील. मी असते तर मी मिटले असते."

मिटलेले होते. एवढंच म्हणायचं होतं. असं कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते जवरीलालनी मनाशी कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. नजर आपोआप वर गेली. उन्हात तो गोळा नुसता तळपत होता.

"असाच होता," ते म्हणाले.

"कसा?"

"असाच. काही राहिलंच नव्हतं, चंदन."

चंदनबाईंना ते कळायला वेळ लागला. मग त्या हळूच वळल्या, गुडघ्यावर हात देऊन चौथऱ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर पाहिलं. आता पडतील, या भीतीनं जवरीलालही धडपडत चौथऱ्यावर चढले. त्या पडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. धातूला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग पदर हाताभोवती गुंडाळून पुन्हा लावला. पाय, मांडी, पोट, असा हात वर वर सरकत गेला. टाचा उंच करूनही तो छातीच्या भोकापर्यंतच पोचला, वरचा गोळा दूरच राहिला.

"मला जरा उचलून धरा," त्या म्हणाल्या.

जवरीलालनी त्यांच्या कमरेला मिठी घातली. वर्षभरात त्या वाळून काटकी झाल्या होत्या, त्यांचं असं वजन ते कितीसं. तरी जवरीलालना त्यांना उचलता आलं नाही.