डाव्या हाताचं हाड

विद्यापीठाचं सभागृह खचाखच भरलं होतं. पडद्यावर उत्खननात सापडलेला एका बाईचा सांगाडा होता आणि प्राध्यापक अगदी रंगात आले होते.

"डाव्या हाताचं हे हाड बघा. पुन्हा पुन्हा मोडलंय, पुन्हा पुन्हा जुळलंय. पाय घसरून पडलं तर असं मोडत नाही. हा मार आहे, समोरून बसलेला. काठी उगारली की डोकं वाचवायला हात आपसूक वर जातो. शेवटी तिची कवटीच फोडली."

"काहीतरीच सर! आमचा नाही जाणार," मागून कुणीतरी ओरडलं.

"असं?" म्हणत सरांनी हातातली छडी पहिल्या रांगेवर सपकन उगारली. सगळे खो-खो हसले, जागचं कुणी हललं नाही.

सरांची बायको तेवढी डावा हात डोक्यावर आडवा धरून, डोळे गच्च मिटून बसली होती.