बसून गेलेली माणसं

नागपंचमीच्या दिवशी मादन हिप्परगा गावातल्या सगळ्या पोरी झोक्यावर होत्या, आणि पाच वर्षांची गिरिजा सकाळपासून उंबऱ्यावर. आज आई येणार, आल्यावरच जेवणार, हा एकच हेका.

आई वारून महिना झाला होता. पोरीच्या डोळ्यांदेखत नेली, आता वेगळं काय सांगायचं, असं घरच्यांना वाटलं. सांगायचं नसलं की मोठ्यांना असलंच काहीतरी वाटतं.

"यडी झाली पोर," आज्जी रुद्रम्मा म्हणाली.

काका विरुपाक्ष गुलबर्ग्याला कॉम्प्युटर शिकत होता, सणाला आला होता. तो गिरिजाजवळ टेकला. "आई येणार असं कामून वाटायलंय तुला?"

"शेजारचा बळीराम आज्जा आडवा गेला, आला न्हाई. आपला ढवळ्या बैल आडवाच नेला, त्योबी आला न्हाई." गिरिजानं समोरच्या घराकडं बोट केलं. "कल्लप्पाची अक्का नवरी होऊन, हार घालून, गाडीत बसून गेली. ती आली की पंचमीला! आईबी हार घालून बसूनच गेली."

फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे बसत्या तिरडीत, वहिनीला नेताना खांदा विरुपाक्षानंच दिला होता.

"यडी न्हाई, अव्वा," तो आपल्या आईला, रुद्रम्माला म्हणाला. "आमच्या शिकणाऱ्या मशीनचंबी असंच. दोन-चार दाखले दिले की त्यातून ती नियम काढती. नियम चुकला तर डोकं चुकलेलं नसतंय, दाखला कमी पडलेला असतोय."

"मग तूच दे. माझ्यानं व्हईना."

त्यानं पुतणीला मांडीवर घेतलं. "बाई, आपल्या लिंगायतात मेलेल्या माणसालाबी बसवूनच नेतेत. बसवूनच पुरतेत. आई आता येत न्हाई."

गिरिजा रडली नाही. उठून तिनं लाह्यांचा लाडू खाल्ला. विरुपाक्षाला हायसं वाटलं. समजलं पोरीला.

दुपारी दमलेली रुद्रम्मा भिंतीला टेकून बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला. गिरिजा धावत आली. आज्जीचा दंड दोन्ही हातांनी धरून तिला खाली ओढू लागली.

"आज्जी, बसून डोळे मिटू नगंस! आडवी हो! आडवी हो ना गं!"