एकाच दिशेची पानं

डोळे घट्ट मिटून, एक हात भिंतीवर ठेवून अधिकारी तिसऱ्या मजल्यावरून चालले होते. समोरून हॉटेलच्या मालकीणबाई आल्या आणि थबकल्या.

“डोळ्यात काही गेलं का?”

“नाही हो. धुरात काही दिसत नाही, म्हणून जिना हातानं शोधून ठेवतो. कुठेही उतरलो की चहाच्या आधी हे. बायको तर माझ्यासोबत प्रवासच नको म्हणते.”

बाईंना हसू आलं नाही. अग्निशमन दलाचे हे बडे अधिकारी परिषदेला आलेत, दुपारी खालच्या सभागृहात बोलणार आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. काय बोलणार तेही ठाऊक होतं. लाकडी जिन्यांच्या जुन्या हॉटेलांचे वरचे मजले बंद करा! त्यांचा शब्द पडला की हुकूम निघालाच. मग या हॉटेलात उरणार काय, स्वागतकक्ष आणि छत्र्यांचा स्टँड?

खरं तर अधिकारी या वास्तूवर पाहताक्षणी भाळले होते. भर चौकात, काचेच्या उंच इमारतींच्या गर्दीत ती ऐटीत उभी होती. आत पाऊल टाकलं की रस्त्याचा गोंगाट दाराशीच थांबायचा. दारांच्या पितळी मुठी लख्ख. जिना तर असा, की एक पायरी कुरकुरेल तर शपथ. पण पेटला तर? इथेच घोडं अडत होतं.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. भिंतीवर कमरेच्या उंचीला लाकडी पट्टी होती, तिच्यावर वेल कोरलेली. बोटं तिच्यावरून सरसर घसरत जिन्याशी पोचली. तसेच ते डोळे मिटून खोलीकडे वळले, आणि बोटांना टोचू लागलं. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसं.

अधिकाऱ्यांनी डोळे उघडले. वेलीच्या प्रत्येक पानाचं टोक जिन्याकडे झुकलं होतं. ते जिन्याच्या दुसऱ्या अंगाला गेले. तिथली पानंही जिन्याकडेच. खालच्या मजल्यांवरही तेच. त्यांना अगदी भरून आलं.

दुपारी त्यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सगळी परिषद वर नेली. ढेरपोटे, मिशीवाले अधिकारी डोळे मिटून, एकमेकांवर आदळत, हसत चालले. पण एकजात सगळे जिन्याशी पोचले.

“बाहेरून लोखंडी जिना लावा, धोक्याच्या घंटा बसवा,” अधिकारी म्हणाले, “पण या मजल्यांना कुलूप नको. धुरात चाचपडणाऱ्या माणसाची काळजी या बांधणाऱ्यानं आपल्या कितीतरी आधी केली होती.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव झाला. हॉटेल वाचलं.

गर्दी पांगल्यावर मालकीणबाई जवळ आल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण मन खात होतं.

“साहेब, तुमची फसगत नको. वेल माझ्या वडिलांनीच कोरली. पण आगीचं त्यांच्या मनातही नव्हतं.”

“मग?”

“आईला दिसत नव्हतं. कुणाचा हात न मागता तिला हिंडता यावं, म्हणून ती लग्न होऊन यायच्या आधीच त्यांनी तिन्ही मजले कोरून ठेवले होते.”