गाठीचं मत

"तुमच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीत मेंदूची, मज्जातंतूंची जनुकं जागी झालीत," डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. "म्हणून ती झपाट्याने पसरतेय. ऑपरेशन लगेच करायला हवं. तुमचं काय मत?"

"करूया," ती म्हणाली.

"तिला काय विचारता?" नवरा खेकसला. "भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा आई सांगते हिला. डोकं आहे कुठे?"

सासूबाईंनी मान डोलावली.

"अहो, करूया म्हणतेय ना मी!"

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नवरा वेगळ्याच विचारात पडला होता. "मेंदूची जनुकं? म्हणजे गाठीला डोकं आहे म्हणायचं!"

त्याने खुर्ची पुढे ओढली.



लग्नानंतर पहिल्यांदाच तो बायकोसमोर वाकला आणि तिच्या छातीकडे बघत अदबीने म्हणाला, "गाठबाई, तुमचं काय मत?"