दक्षिणेचं दार

अमेरिकेत, हिल्सबरोतल्या आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेत चारुदत्तने आईबाबांसाठी कारखान्यात बनलेलं तयार घर आणून बसवलं. आग, वादळ, भूकंप, सगळ्याचा विमाही उतरवला. पुण्याहून बाबांनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. "दार दक्षिणेला? अरे, अशा घरावर संकट ओढवतंच. मी पाऊल ठेवणार नाही."

चारुदत्तने क्रेन ठरवली. "आधी विमा कंपनीला विचार तरी," त्याची बायको निवेदिता म्हणाली.

"जागच्या जागी तर फिरवायचंय. त्यात काय विचारायचं?"

घर उचललं, पूर्वेकडे वळता वळता कललं आणि एक कोपरा जमिनीवर आदळला. भिंत छतापासून खालपर्यंत फाटली. कंपनीच्या बाईने फोनवर शांतपणे सांगितलं, की बसवलेलं घर हलवताना झालेलं नुकसान पॉलिसीत येत नाही.

आईबाबांची पुढच्या महिन्याची तिकिटं काढून झाली होती. चारुदत्तने बाबांना सगळं सांगितलं.



"बघ," बाबा म्हणाले, "दार वेळेवर फिरवलंस, म्हणून जिवावरचं भिंतीवर निभावलं."