घरजावयाची रेघ

"मेमरीला प्रोसेसरचं मूल केलं, तर मुलं मोजताना ती कोअरच्या रांगेत येऊन बसते आणि आकडाच चुकतो!" श्रीरंग फळ्यासमोर वैतागला होता. कॉम्प्युटरच्या पोटात काय कुठे बसलंय, हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा इंटरफेस, म्हणजे तिला काय विचारता येईल ते, आज ऑफिसात ठरवायचं होतं. वर प्रोसेसर, त्याखाली त्याची मुलं म्हणजे कोअर, असा वंशवृक्ष झकास उतरला होता. घोडं अडलं होतं मेमरीपाशी.

"अरे, घरजावई आहे ती!" शेजारच्या टेबलावरची शलाका म्हणाली. "घरातच राहते, सगळ्यांच्या कामी येते, पण पोरांत धरायची नाही."

म्हणाली आणि तिने जीभ चावली. श्रीरंग गेल्याच महिन्यात सासुरवाडीला राहायला गेला होता.

श्रीरंगने मार्कर उचलला, प्रोसेसरच्या बाजूला एक चौकोन काढला आणि तुटक रेघेने जोडून टाकला. "फक्कड! मुलं विचारली, तर ही येणार नाही. हिच्यासाठी फंक्शन वेगळं." सगळे हसले. तोही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा सोसायटीत नव्याने आलेले शेजारी चहाला बसले होते. "मुलं किती तुम्हाला?" ते सासऱ्यांना विचारत होते.

"दोन," सासरे बशीत चहा ओतत म्हणाले. "लेक ऑफिसातून यायचीय अजून. आणि हा बघा, दुसरा आलाच."

श्रीरंगने दारातच, एका पायात बूट तसाच ठेवून, शलाकाला मेसेज टाकला: "मुलं मोजायच्या फंक्शनला एक पर्याय ठेवू. कुणाला घरजावई मुलांत धरायचा असेल, तर धरता आला पाहिजे."